शुक्रवारी दुपारपर्यंत घरी पोहोचा

सोमवार, ३ मार्च

काल दुपारी आमचे व्याही गवताच्या गठ्ठ्यांवर चढायला गेले आणि शिडीसकट खाली आले. उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत शेडच्या फरशीवर आडवे पडून विहीणबाईंना सांगत होते की काही झालेलं नाही, जरा बसलोय.

ही वही मी कस्तुरीच्या बाळंतपणासाठी आणली होती. लेकीने माहेरी यायचं, तर माहेरच लेकीच्या सासरी येऊन राहिलंय. इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउटांमध्ये वाढलेली माझी पोरगी जनावरांची डॉक्टर झाली, उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅनाच्या या डोंगराळ मुलखात नोकरीला आली आणि मेंढ्यांवाल्याच्या घरात पडली. तिच्या सिझेरियनला आता दोन आठवडे होतील. आर्या दिवसा झोपते आणि बाकीच्यांनी कधी झोपायचं ते सांगत नाही.

आता पंचाईत अशी की दोन आठवड्यांत मेंढ्या व्यायला लागतील. सगळा कळप गाभण आहे. कॉर्मॅक, म्हणजे आमचा जावई, दिवसभर दगडाच्या खाणीवर लॉरी चालवतो. कस्तुरीला वजन उचलायला डॉक्टरांनी मनाई केलीय. विहीणबाई ब्रिजी अडुसष्ट वर्षांच्या. मी मेंढीला अजून पुढून भिते आणि मागूनही.

फेलिमना मी मनातही एकेरी म्हणू शकत नाही. व्याही आहेत. इंग्रजीत 'अहो' नाही, ते माझ्या डोक्यात आहे.

बुधवार, ५ मार्च

आज माझा पार पोपट झाला. ब्रिजी सकाळी चर्चमधून आली ती कपाळावर काळा डाग घेऊन. मला वाटलं शेगडीची काजळी लागली. ओढणीचं टोक ओलं करून मी तो पुसायला गेले. ती अशी मागे सरकली की मी जणू कात्री घेऊन आले होते. मग कस्तुरी आतून ओरडली, "आई, नको! तो राख आहे, तो पवित्र असतो!"

तो राख. लेकीचं मराठी ऐकून मला हसावं की रडावं कळेना. तर आजपासून यांचा उपास सुरू. ईस्टरपर्यंत ब्रिजीचं गोड बंद. मी डिंकाचे लाडू घेऊन तशीच उभी.

दुपारी शेजारची नोरीन येऊन दारातच म्हणाली, काही मदत लागली तर सांग. ब्रिजी म्हणाली, "वी आर ग्रँड." म्हणजे, आमचं छान चाललंय. मग पलीकडच्या शेतातला म्हातारा आला. तोही तेच म्हणाला आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं. व्याही हॉस्पिटलात, जावयाचे डोळे लाल, मेंढ्यांची पोटं जमिनीला लागलेली, आणि आम्ही मात्र ग्रँड.

खरं सांगू, मला तिचं हे वागणं आवडतं. आमच्याही घरात कुणापुढे हात पसरायचा नाही हे बाळकडू होतं. वडील म्हणायचे, मान खाली घालून घेतलेली भाकर अंगी लागत नाही. पण ब्रिजीने याचा कळस केलाय.

शुक्रवार, ७ मार्च

व्याही घरी आले. जिना चढता येत नाही म्हणून त्यांचा पलंग पुढच्या खोलीत लावला. ही खोली एरवी बंद असते. चांगले कप, चांगल्या खुर्च्या, भिंतीवर येशूची तसबीर. कस्तुरी म्हणाली, पाद्री आला की ही खोली उघडते. आणखीही कशाला तरी उघडते म्हणाली, पण तेवढ्यात आर्याने भोंगा लावला आणि ते राहून गेलं.

पलंग आत नेताना ब्रिजीचं तोंड उतरलं होतं. मी म्हटलं, किती हवेशीर खोली आहे. तिने चांगले कप उचलून कपाटात ठेवले.

शनिवार, ८ मार्च

संध्याकाळी क्रॉयडनहून मॅलकीचा फोन आला. हा व्याह्यांचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षांपूर्वी इंग्लंडला गेला, बांधकामाचा धंदा काढला, बरं चाललंय. ब्रिजी त्याला सांगत होती, "सगळे मजेत. फेलिम ना? बाहेर मेंढ्यांकडे गेलाय." फेलिम पुढच्याच खोलीत प्लास्टरमध्ये पाय घेऊन टोस्ट खात होते! त्यांनी सगळं ऐकलं आणि मान हलवली. बरोबर सांगितलंस, अशा अर्थाने.

मी कस्तुरीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "आई, मॅलकी दर वर्षी विचारतो, येऊ का मदतीला? आणि हे दर वर्षी म्हणतात, नको, कशाला त्रास. मग त्याला वाटतो की यांना तो नको आहे. आणि यांना वाटतो की त्याला यायचं नाही आहे."

"मग तू का नाही सांगत?"

"मी सून आहे," ती म्हणाली. हे मात्र अस्सल मराठीत म्हणाली.

रविवार, ९ मार्च

आज जेवताना व्याह्यांनी जाहीर केलं. मेंढ्यांच्या व्यापाऱ्याशी बोलणं झालंय. येत्या शनिवारी तो लॉरी घेऊन येईल आणि सगळा कळप नेईल. जमीन शेजारच्यांना गाई चरायला द्यायची.

कॉर्मॅक उठला आणि गोठ्याकडे गेला. ब्रिजीने बटाटे पुन्हा एकदा सगळ्यांच्या ताटात वाढले, कुणाला नको असताना. कस्तुरीचे डोळे भरले. मला आधी वाटलं, बाळंतीण आहे, रडू येतंच. मग तिनेच सांगितलं. या कळपात व्याह्यांच्या आजोबांच्या वेळेपासून बाहेरची मेंढी आलेली नाही. आईची लेक, लेकीची लेक असं चालत आलंय. या मेंढ्यांना डोंगर पाठ आहे. कुठे वारा लागतो, कुठे दलदल आहे ते आया पोरींना दाखवतात. दुसऱ्या मेंढ्या आणून सोडल्या तर त्या बुडतील नाहीतर हरवतील. "एकदा विकल्या की परत नाही करता येत, आई. संपला."

मी लेकीकडे बघत राहिले. हे सगळं हिला ठाऊक आहे, आणि हे हिचं आहे. मिल्टन कीन्समध्ये असताना हिला स्वतःची पाण्याची बाटली सापडायची नाही.

हा कळप जाऊ द्यायचा नाही. मी ठरवलं.

सोमवार, १० मार्च

सकाळी प्रबुद्धचा फोन. मिल्टन कीन्सच्या आमच्या विहारातला हा पोरगा. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांची जयंती, आणि गेली कित्येक वर्षं जयंतीची व्यवस्था माझ्याकडे असते. या वेळी मी नाही, म्हणून तो धास्तावलाय. म्हणाला, "मावशी, मी सगळ्यांना मेसेज टाकला, की हेल्प हवी आहे, कोणाला जमेल का? कोणीच रिप्लाय देत नाही."

मी म्हटलं, "अरे बाळा, विचारतोस कशाला? 'जमेल का' म्हटलं की माणूस कॅलेंडर उघडतो. 'चहा तुझ्याकडे, खुर्च्या तुझ्याकडे, सकाळी नऊला ये' एवढंच म्हणायचं. काम सोपवलं की माणूस येतो. त्याला मान वाटतो."

फोन ठेवला आणि माझंच बोलणं माझ्याच कानात वाजलं.

कस्तुरीच्या लग्नाच्या वेळचा ग्रुप माझ्या फोनमध्ये अजून आहे. सगळ्या नातेवाइकांचे नंबर त्यात आहेत. ग्रुपवर टाकलं असतं तर कस्तुरीने अडवलं असतं, म्हणून एकेकाला वेगळं पाठवलं. नीट, मुद्देसूद लिहिलं, काउन्सिलच्या ऑफिसात इतकी वर्षं घालवली ती उगाच नाही:

'मी नीना, कस्तुरीची आई. ही बातमी ब्रिजी तुम्हाला सांगू शकणार नाही म्हणून मी कळवते. फेलिम शिडीवरून पडले. या वेळी घराला तुम्ही सगळे हवे आहात. शुक्रवारी दुपारपर्यंत घरी पोहोचा. झोपायची सोय शेजारी होईल. ब्रिजीला फोन करू नका, ती बोलणार नाही. कॉर्मॅकलाही नको, पोरगा खचलाय.'

पाय मोडल्याचं लिहून उगाच लांबच्या माणसांना घाबरवायचं नाही, म्हणून ते गाळलं. प्रत्येकाला शेवटी एक काम सोपवलं. मॅलकीला लिहिलं, उचलायला दणकट माणसं लागतील, ती तुझ्याकडे. चाऱ्याची पोती काय कमी जड असतात?

मंगळवार, ११ मार्च

माझी पद्धत रामबाण आहे! सगळे येतायत. एकाने नाही म्हटलेलं नाही. डब्लिनमधले, ग्लासगोमधले, सगळे.

मॅलकीने फोनच केला. मी अंगणात जाऊन बोलले. त्याने हळूच विचारलं, "घरीच आहे का तो?"

"हो तर. पुढच्या खोलीत."

"चेहरा कसा आहे?"

"शांत," मी म्हटलं. "आता काही वेदना नाहीत." गोळ्या चांगल्या लागू पडल्यात, ते खरंच आहे.

तर हा एवढा मोठा बांधकामवाला गडी हमसून हमसून रडायला लागला. मला म्हणाला, तुझे उपकार कसे फेडू. माणसं तो सहा आणतो म्हणाला. मी म्हटलं, उत्तम, सहा पुरे. भाऊ शिडीवरून पडला तर एवढं रडतो! चाळीस वर्षं लांब राहिला पण माया आटली नाही. आणि इकडे हे नवरा-बायको त्याला परकं समजून बसलेत.

व्याह्यांची पुतणी शिवॉन बेसिंगस्टोकला एका कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिने लिहिलं, वेबसाइटवर अजून काही दिसत नाही, पण मी निघते. तिकिटं शोधत असेल. काळा कोट चालेल ना, असंही विचारलं. मी लिहिलं, काळाच आण, चिखल दिसत नाही. त्यावर तिचं उत्तर आलं नाही.

बुधवार, १२ मार्च

नोरीनला विश्वासात घेतलं. शुक्रवारी घरात खूप माणसं असतील, झोपायला जागा हवी, इतकंच सांगितलं. ब्रिजीपर्यंत जाऊ द्यायचं नाही हेही. ती आनंदाने तयार झाली. म्हणाली, हॅम मी उकडते. या बाईला कधीपासून काहीतरी करायचं होतं.

कॉर्मॅकचा फोन मेंढ्यांच्या पाण्याच्या हौदात पडला. तो आता तांदळात ठेवलाय. बरं झालं, कोणी त्याला फोन करून भांडं फोडायचा प्रश्नच मिटला.

मनात थोडी धाकधूक आहे. ब्रिजी काय म्हणेल? पण कळप वाचला तर शिव्या खाईन. मी नवऱ्याच्या, सुभाषच्या मागे एकटीने घर चालवलंय, विहिणीच्या चार शब्दांना काय भ्यायचं.

शुक्रवार, १४ मार्च

झोपायला उशीर झालाय. तरी लिहिते.

दुपारी मी स्वयंपाकघरात बटाट्याची भाजी परतत होते. ब्रिजी आर्याला मांडीवर घेऊन बसलेली. कस्तुरी खिडकीशी होती. ती म्हणाली, "आई, एवढा गाड्या का येतायत?"

एकामागून एक गाड्या, सगळ्यांचे दिवे लावलेले, हळू हळू चढ चढत होत्या. पहिली गाडी अंगणात थांबली आणि मॅलकी उतरला. काळा सूट, काळा टाय, काळा ओव्हरकोट. त्याच्या मागे सहा उंचेपुरे गडी, तेही तसेच. मागच्या गाडीतून शिवॉन उतरली, हातात पांढऱ्या फुलांचं चक्र.

मला वाटलं, मदतीला येताना कोणी फुलं आणतं का? मग शिवॉनने आत येऊन ब्रिजीला मिठी मारली आणि रडायला लागली. ब्रिजी आर्याला सांभाळत म्हणाली, "कोण गेलं?" आणि माझ्या हातातला झारा खाली पडला.

त्याच क्षणी मला सगळं दिसलं. माझा मेसेज. पुढची खोली, जी पाद्र्याशिवाय मृतदेह ठेवायलाच उघडत असणार. शांत चेहरा. शिवॉनची वेबसाइट, निधनाच्या बातम्यांची. सहा माणसं, शवपेटी खांद्यावर घ्यायला. या घरातून इंग्लंडला 'या' असा निरोप एकाच कारणासाठी जातो. दुसऱ्या कशासाठी यांनी आजवर कुणाला बोलावलेलंच नाही.

मी मॅलकीला अडवायला धावले. पण तो पुढच्या खोलीत शिरला होता. टोपी काढली होती, छातीवर क्रूस केला होता. आणि पलंगावर व्याही उशांना टेकून उकडलेलं अंडं खात होते.

मॅलकी खुर्चीत बसला.

"कोण मेलं?" व्याह्यांनी विचारलं.

"तू," मॅलकी म्हणाला.

व्याह्यांनी चमचा खाली ठेवला. जरा विचार केला. "केव्हा?"

"सोमवारी."

"मला कोणी सांगितलं नाही," व्याही म्हणाले.

आणि मॅलकीने काय करावं? तो उठला, भावाच्या खांद्यावर एक जोरात गुद्दा मारला, आणि मग त्याच खांद्यावर डोकं ठेवून रडला. व्याही आधी ताठ बसून होते. मग त्यांनी हात वर केला आणि भावाच्या टकलावर ठेवला. अंड्याचा पिवळा बलक त्याच्या काळ्या कोटाला लागला. मी दार ओढून घेतलं.

स्वयंपाकघरात ब्रिजी माझ्यासमोर उभी राहिली. पांढरी पडली होती. "तू त्यांना बोलावलंस?"

"हो."

"आम्ही भिकेला लागलोय, असं सांगितलंस?"

"नाही," मी म्हटलं. "मी कुणाकडे काही मागितलं नाही. कामं वाटली. पण लिहिताना मी घाण केली, ब्रिजी. चूक माझी आहे. ओरड माझ्यावर."

ती ओरडली नाही. ते वाईट होतं. ती पाठ फिरवून सिंकपाशी उभी राहिली. बाहेर आणखी गाड्या येत होत्या. नोरीन हॅमचं भलंमोठं ताट घेऊन दारात उभी, आत यावं की नाही तिला कळेना. मला वाटलं, माझं सामान बांधावं आणि पहिल्या विमानाने जावं.

मग पुढच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. दोन म्हाताऱ्या माणसांचं हसणं, एकाला खोकला येईपर्यंत. ब्रिजीने मान वळवून ऐकलं. मला कस्तुरी नंतर म्हणाली की व्याह्यांना असं हसताना तिने लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

ब्रिजीने हात पुसले. पुढच्या खोलीत गेली, कपाटातून चांगले कप काढले आणि किटली ठेवली. "आता माणसं आलीच आहेत," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली, "तर उपाशी का जातील?"

चहा सगळ्यांच्या हातात पोहोचायच्या आत कॉर्मॅक धावत आला. पहिली मेंढी अडली होती. पिल्लाचा एकच पाय बाहेर. कस्तुरी निघाली, मी म्हटलं, तुला वाकायचं नाही! ती म्हणाली, "मी नाही वाकणार. हे वाकतील."

आणि मग मी जे पाहिलं ते मरेपर्यंत विसरणार नाही. माझी कस्तुरी गवताच्या गठ्ठ्यावर ताठ बसलेली, आर्या छातीशी बांधलेली. समोर काळ्या सुटातली माणसं चिखलात गुडघ्यांवर. शिवॉनने कोट फेकला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. "डोकं लागतंय का हाताला?" कस्तुरी विचारत होती. "आता दुसरा पाय शोध. घाई नाही. तिने जोर केला की थांब. आता ओढ, खाली ओढ, खाली." आवाज चढलेला नाही, हात हललेला नाही. एवढे सगळे दांडगे लोक आणि सगळे तिच्या तोंडाकडे बघतायत. कोकरू बाहेर आलं, शिंकलं, आणि शिवॉन हसत हसत रडायला लागली. लहानपणी, मोठी होऊन गाव सोडायच्या आधी, हेच काम तिच्याकडे होतं म्हणे.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, ही माझी मुलगी. पण सगळ्यांना ते माहीतच होतं.

फुलांच्या चक्राजवळ मेंढ्यांना जाऊ देऊ नका, त्यातली पानं त्यांना विषारी, असं कस्तुरीने बजावलं, तेव्हा व्याह्यांनी ते आत मागवून घेतलं. एवढं लांबून आणलंय, फेकायचं कशाला, म्हणाले. आता ते पलंगाच्या उशाशी लटकतंय. त्यांनी पलंगही फिरवून घेतला, गोठा दिसेल असा.

शनिवार, १५ मार्च

सकाळी व्यापारी लॉरी घेऊन आला. अंगणात एवढ्या गाड्या, दोरीवर एवढे काळे कोट वाळत घातलेले बघून त्याने टोपी काढली आणि मॅलकीला म्हणाला, "फार वाईट झालं."

"झालं खरं," मॅलकी म्हणाला. "पण तो सुधारतोय."

व्यापाऱ्याला खिडकीपाशी नेलं. व्याही त्याला म्हणाले की शब्द दिला होता, तो परत मागतो, आणि ते मागायला त्यांना लाज वाटते. व्यापारी म्हणाला, कसला शब्द, मी निव्वळ चहा प्यायला आलोय. त्याने दोन कप घेतले आणि लॉरी रिकामी घेऊन गेला. माणूस सज्जन निघाला.

पण मॅलकी आणि मंडळी सोमवारी परत जाणार. मेंढ्या तर महिनाभर व्यायच्या. आता पुढे काय, हे कोणी विचारत नव्हतं. मी तोंडाला कुलूप लावलं. एकदा केलं ते पुरे. आता ज्याचं त्यानेच बोलायचं.

रविवार, १६ मार्च

जेवायला सगळे एकत्र बसले होते, दोन टेबलं आणि एक दार आडवं टाकून. माझी बटाट्याची भाजी आधी संपली, हॅम नंतर. हे मी मुद्दाम लिहितेय.

शेवटी मॅलकी उठला. कोणाकडे न बघता म्हणाला, "मग ब्रिजी, उद्या आम्ही गेल्यावर निभेल ना तुमचं?"

ब्रिजी वाढत होती. हातातला वाडगा तसाच. "अगदी," ती म्हणाली, "वी आर..."

आणि थांबली. व्याही दारातल्या खुर्चीतून तिच्याकडे बघत होते. मी माझ्या ताटाकडे बघत होते.

"नाही," ब्रिजी म्हणाली. "नाही निभणार. आम्हाला माणसं हवीत. तुम्ही हवे आहात."

शेडमधली कोकरं ऐकू आली. ब्रिजीचे गाल लाल झाले होते, पण मान ताठ होती. मला तिचा एवढा अभिमान वाटला की मी टाळ्या वाजवणार होते. मागायलाही पाठीचा कणा लागतो, हे आमच्या वडिलांनी मला सांगायचं राहून गेलं होतं.

मॅलकी खाली बसला. "चाळीस वर्षं," तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी हे ऐकायची वाट बघतोय, बाई." मग एकदम सगळे बोलायला लागले. पहिला आठवडा मॅलकीचा, तो जाणारच नाही. दुसरा ग्लासगोवाल्यांचा. शिवॉन इथूनच लॅपटॉपवर काम करेल. गोंधळ माजला. तेव्हा ब्रिजी टेबलावर चमचा आपटून म्हणाली, "गप्प बसा. नीना सांगेल कोणाकडे काय ते. तिला जमतं."

सोमवार, १७ मार्च

आज सेंट पॅट्रिकचा दिवस. मेंढ्यांकडे राहिलेला मॅलकी सोडून सगळे कोटाला हिरवी पानं लावून चर्चला गेले. ब्रिजीने जाताना, आज चालतं म्हणून, डिंकाचा लाडू खाल्ला. दुसराही उचलला आणि पर्समध्ये टाकला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

घरात मी, व्याही आणि झोपलेली आर्या. मी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेले. व्याही गेले तीन दिवस मला एकच विचारतायत. कोण आधी आलं? कोण रडलं? खरं रडलं की रुमाल लावून? मी सगळं सांगते. आज त्यांनी सगळं पुन्हा ऐकलं आणि मग विचारलं, "तुझ्या नवऱ्याच्या वेळी कोण आलं होतं?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. कस्तुरीनेही नाही. मी सांगितलं. सुभाष गेला तेव्हा मी कुणालाही फोन केला नव्हता, फोन कुठे आहे तेही कळत नव्हतं. पण दुपारपर्यंत आमच्या रस्त्यावर गाडी लावायला जागा उरली नाही. क्रॉयडनहून, बेसिंगस्टोकहून विहारातली माणसं आली. ज्यांना गाड्या नव्हत्या ते स्टेशनवरून रेडवेने, म्हणजे आमच्याकडच्या तांबड्या पायवाटेने, चालत आले, पांढरे कपडे घालून. प्रबुद्धने न सांगता चहा हातात घेतला. सगळ्यांनी मिळून त्रिशरण म्हटलं तेव्हा शेजारची इंग्लिश म्हातारी बाहेर येऊन हात जोडून उभी राहिली. सुभाषला नेहमी वाटायचं की या देशात आपलं कोणी नाही. आपण गेलो तर कुत्रं भुंकणार नाही, म्हणायचा.

"आणि एवढे सगळे आले," मी म्हटलं, "पण ते त्याला दिसलं नाही."

व्याही खिडकीबाहेर बघत होते. डोंगरावर मॅलकी भावाचे बूट घालून मेंढ्यांमागे चालत होता, हळू, वयामुळे.

"मी सांगेन त्याला," व्याही म्हणाले. "भेटला की पहिलं तेच सांगेन."

आम्ही आत्मा-बित्मा मानत नाही. पण मी त्यांना तसं म्हटलं नाही.

"घाई नाही," मी म्हटलं.

"छे," व्याही म्हणाले, "अजून निम्म्या मेंढ्या व्यायच्यात." आणि त्यांनी चहात साखर मागितली.